धीम्या चालीची वरात

"थांबव, थांबव! मागं घे पुन्हा," जगदेव म्हणाला आणि त्यानं क्लॅरनेट ओठांवरून काढलं.

धम्मदीपानं गाणं पुन्हा मागं घेतलं. मुखडा सरला की त्यात एक मुरकी यायची आणि कानात शिरायच्या आत निघून जायची.

"गाणं हाये का उंदीर? दिसला म्हणाव तवर बिळात!"

लेक हसली. ऑफिसनं मोडीत काढलेला संगणक तिनं घरी आणला होता आणि त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली टाकली होती. गाणी वाजवायला व्हीएलसी होतं. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला नारिंगी शंकू हे त्याचं चिन्ह.

"बाबा, हे कंसाचं बटन पाहा. दाबलं का गाणं धीमं होते. बसवून झालं का बाजूच्या कंसानं परत तेज करा."

तिनं टकटक करत ते बटन चारदा दाबलं. गाणं संथ झालं आणि ती मुरकी पदर उलगडावा तशी उलगडली. जगदेवची बोटं आपसूक हलू लागली.

"अन् याचे पैसे किती पडले?"

"काईच नाई. लोक मिळून बनवतात, कोणीबी वापराव."

"मंजे जयंतीच्या भोजनदानासारखं!" जगदेव खूश झाला. एवढं समजल्यावर त्याला त्या यंत्राबद्दल काही परकं वाटेना.

गाणं बसवणं भागच होतं. कामरगावच्या रवीचं लग्न होतं. त्याच्या आईला, विमलबाईंना, जगदेवचा बँड हवा होता आणि पोरांना डीजे. नवरदेवाचा दोस्त मुन्ना मंगरूळपीरला जगदेवच्या घरी येऊन तोडगा सांगून गेला होता : "काका, हे नवं गाणं वाजवून दाखवा. जमलं तं पूरी वरात तुमची. नाई जमलं तं डीजेची गाडी मांगंच उभी राह्यन." बँडमधला एक जण ऑटो चालवू लागला होता, एक पुण्याला गेला होता. हीही वरात हातची गेली, तर उरलेले पुन्हा तालमीला यायचे नाहीत, हे जगदेवला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपा वाशीमला नोकरीवर परतली. बँडवाले जमल्यावर जगदेवनं बाजूचा कंस एकदा दाबला. गाणं थोडं चपळ झालं. झालं पहिल्यासारखं, असं त्याला वाटलं.

त्याची उमर कॅसेटवर गाणी बसवण्यात गेली होती. कॅसेट हळू फिरली की आवाज जाडा, घोगरा व्हायचा. वेग चुकला हे सूरच सांगायचा. इथं सूर जागच्या जागी होता. धीमं करतानाही तो हलला नव्हता. पण तेव्हा जगदेवचा सगळा जीव मुरकीत अडकला होता. बँडनं त्याच चालीत गाणं पाठ केलं. ढोलवाल्या रामसिंगनं तर त्यात झोकदार ठेका बसवला.

वरात भर दुपारी निघाली. जगदेवनं गाणं उचललं, मुरकी अलगद सुटली. तोच मुन्ना त्याच्या कानाशी आला.

"काका, बॅटरी उतरली काय? असं नाई हे गाणं!"

पोरं खिदळली. मुन्नानं हात वर केला आणि मागच्या गाडीतून खरं गाणं सुटलं. छातीवर धपाधप आदळत ते पळत सुटलं. ती मुरकी तर आली कधी, गेली कधी कळलंच नाही.

"जगदेव, हे तं दुसरंच गाणं हाये ना बे," रामसिंग पुटपुटला.

"तेच हाये. म्याच घोळ केला."

त्यानं क्लॅरनेट पुसलं आणि खाली मान घालून त्याचे तुकडे सोडवू लागला.

"बंद कर रे बाप्पा ते!"

विमलबाई होत्या. वरातीच्या शेपटाला चालणाऱ्या बायांना घेऊन त्या पार पुढं आल्या होत्या. डोक्यावरचा पदर खोचलेला, कपाळ घामानं थबथबलेलं.

"मुन्न्या, आमी इकडं पाय उचलला अन् तुनं काहून हे मधातच घातलं?"

"मावशी, यायनं गाणंच चुकीचं वाजवलं!"

"असन चुकीचं. माह्या गुडघ्याले बरोबर पडून राह्यलं होतं. तुमच्या डीजेत आमी नाचाव का मराव?"

मागच्या बायांनी टाळ्या पिटल्या. डीजेवाल्यानं मुन्नाकडं पाहिलं, मग विमलबाईंकडं पाहिलं आणि आवाज बंद केला.

जगदेव पुढं झाला. "बाई, खोटं कायले बोलू. गाणं तेजच हाये, चूक माही हाये. सांगसान तं तेज वाजवतो."

"खबरदार!" विमलबाई म्हणाल्या. "मघाचंच वाजवा."

जगदेवनं क्लॅरनेट जोडलं. रामसिंगनं ठेका धरला आणि रस्ता बायांनी भरला. ज्यांनी आजवर वराती नुसत्या पाहिल्या होत्या, त्या हात वर करून गिरक्या घेत होत्या. "अबे, उड्या कायले मारतं? जमिनीवर नाच," असं म्हणत एका आत्यानं मुन्नाला दंडाला धरून मधात ओढला. घोड्यावरचा रवी डोळे पुसत हसत होता.

मंडप आला. "वरपक्षानं आत यावं, भन्तेजी वाट पाहून राह्यले," असं कोणीतरी माईकवरून सांगू लागलं. थांबायचं का, असं रामसिंगनं नजरेनंच विचारलं. जगदेवनं मान हलवली आणि मुखडा पुन्हा धरला.

विमलबाई तापल्या डांबरावर नाचत होत्या. एक चप्पल केव्हाच मागं राहून गेली होती. मुन्नानं ती उचलली, धूळ झटकली आणि हातात धरून तो त्यांच्यामागून त्याच धीम्या चालीत पाय टाकत आला.