मुकी खोली

वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका जागेच्या शोधाचा वृत्तांत आपणांपुढे सादर करणार आहे. ही जागा राजवाडा नव्हे, उद्यान नव्हे, आणि ज्यांना हल्ली बँक्वेट हॉल म्हणतात त्यांपैकीही नव्हे. तथापि त्या जागेत मी जे पाहिले, किंबहुना ऐकले, त्याने माझे अंतःकरण आजतागायत थक्क आहे. माझे शिक्षण सातव्या इयत्तेत आटोपले व लेखणीऐवजी हाती गवंड्याची थापी आली. म्हणून कोठे शब्द चुकला, तर भिंतीतला उंचवटा समजून त्यावरून हात फिरवावा आणि पुढे जावे.

माझी थोरली बहीण, जिला सारे घर ताई म्हणते, हिने कापड गिरणीत मागावर चौतीस वर्षे काढली. आईच्या पश्चात मला तिनेच वाढवले. मागांच्या खडखडाटाने तिची श्रवणशक्ती तिच्या नकळत थोडी थोडी करून हिरावून नेली. आज तिच्याजवळ कानात घालायचे यंत्र आहे. परंतु ते यंत्र भाबडे आहे. माणसाचा शब्द आणि ताटाचा खणखणाट यांतला भेद त्यास कळत नाही. जे येईल ते सर्व मोठे करून तिच्या कानात ओतते. आमच्या घराखाली लेथचे वर्कशॉप, समोर बसचा थांबा. त्यामुळे आम्ही ताईशी बोलतो म्हणजे वस्तुतः ओरडतो, आणि ओरडून माणूस कामापुरतेच बोलतो. "जेवलीस का?" "गोळी घेतलीस का?" याहून नाजूक असे काहीही ओरडून सांगता येत नाही.

गतवर्षी माझ्या कन्येच्या विवाहात एक दुर्धर प्रसंग घडला. गिरणीत ताईच्या शेजारच्या मागावर तिची एक जोडीदारीण होती. त्या जोडीदारणीच्या घराशेजारच्या एक बाई भरगच्च हॉलमध्ये ताईपाशी आल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "ताई, तुमची जोडीदारीण पहाटेच गेली हो." त्या गोंगाटात ताईपर्यंत एकच शब्द पोहोचला : गेली. तिला वाटले, मैत्रीण लग्नाला येऊन परत निघाली. ती प्रसन्न हसून म्हणाली, "बरं झालं बाई, वेळेत गेली. एवढ्या गर्दीत तिला झेपलं नसतं."

ऐकणाऱ्यांचे चेहरे पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीने खरी गोष्ट कागदावर लिहून ताईच्या हाती दिली. ताईने कागद वाचला, घडी घातली आणि त्या दिवसापासून चार माणसांत जाणे सोडले.

यंदा ताईस सत्तरावे वर्ष पूर्ण होणार होते. आम्ही घरच्या घरी, तीसएक माणसांत, तिचा वाढदिवस करण्याचे ठरवले. ताईने साफ नकार दिला.

"तीस तोंडं हलताना बघायची आणि आपण मान डोलवायची, ह्याला वाढदिवस म्हणतात होय रे, धाकट्या?"

"अगं, तुझ्यासाठीच तर करतोय!" मी ओरडलो.

"माझ्यासाठी करतोयस ना? मग मला ऐकू येईल अशी जागा शोध. नाही सापडली तर मी दार लावून बसेन. तुम्ही खुशाल जेवा."

ती हे थट्टेने म्हणाली नव्हती, हे मी तिच्या हनुवटीवरून ओळखले. ज्या बाईने मला वाढवले, ती उर्वरित आयुष्य दार लावून बसणार की माणसांत परतणार, हा प्रश्न आता एका खोलीवर येऊन ठेपला होता.

आमच्या धंद्यात खोल्यांचे दोन प्रकार मानतात. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली असता ती जर घुमून परत आली, तर त्या खोलीस आम्ही बोलकी म्हणतो. न आली तर मुकी. गिलावा जितका सपाट आणि कडक, तितकी खोली अधिक बोलकी. मी आजवर बोलक्या खोल्या करण्यातच भूषण मानले. आता मला मुकी खोली हवी होती. कारण खोली बोलू लागली की माणसांचे बोलणे त्यात बुडून जाते.

मी व माझी पत्नी शोधास निघालो. पहिल्या हॉलचा व्यवस्थापक गळ्यात टाय बांधलेला, अत्यंत विनयशील असा गृहस्थ होता.

"सर, दीडशेची कपॅसिटी, पूर्ण एसी, पार्किंग आहे, फोटोसाठी वेगळी भिंत आहे."

मी मध्यभागी उभा राहून टाळी वाजवली. काचा, फरशी, छत, सर्वांनी मिळून ती मला परत केली.

"वेटरला बोलवायचंय का, सर?"

"नाही हो," पत्नी म्हणाली, "ते खोलीशी बोलतायत. मी लग्न केलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं."

दुसरी जागा म्हणजे झाडांखालची एक हिरवळ. तेथे टाळी परत आली नाही हे खरे. पण कुंपणापलीकडून ट्रकचे हॉर्न आले. तिसऱ्या सभागृहात मी टाळी वाजवली आणि खोली अशी काही घुमली की दारातला रखवालदार दचकून उभा राहिला.

"काय झालं? तोंड का पडलं तुमचं?" पत्नीने विचारले.

मी भिंतीवर तळहात टेकवला. "हा गिलावा माझा आहे. बावीस वर्षांपूर्वीचा. कुठे केसभर उंचसखल नाही, बघ."

ज्या हाताने ताईच्या हातचे खाल्ले, त्याच हाताने मी गावभर अशा भिंती उभ्या केल्या होत्या, जेथे तिने बसावे आणि तिला काहीही ऐकू येऊ नये! त्या क्षणी मला माझ्या कौशल्याची प्रथमच लाज वाटली.

पत्नीने मात्र हार मानली नाही. "आता रडू नका. ह्याच भिंतींना गाद्या टांगू या. गादीवर आपटलेलं काही परत येतं का?"

"हॉलला गाद्या? लोक काय म्हणतील?"

"काहीही म्हणोत. वन्संना ऐकू आलं की झालं."

तेव्हा मी गाद्या भाड्याने मिळतील काय हे विचारण्यास बाजारातल्या गादीवाल्याकडे गेलो. त्याचे घर मीच बांधून दिले असल्याने आमची सलगी होती.

"काय ओळंब्या, कंबर गेली वाटतं?" तो म्हणाला. मी उंच व सरळ असल्याकारणाने कामावरची मंडळी मला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का पाहण्याची वजन बांधलेली दोरी, याच नावाने हाक मारतात. मी माझी गरज सांगितली. तो हसला. "साठ गाद्या? ये, गोडाऊनमध्ये बघ. हव्या त्या निवड."

दुकानामागे एक जाड पडदा होता. तो बाजूस सारून मी आत पाऊल टाकले, आणि वाचकहो, जगाचा आवाज कोणीतरी चिमटीत धरून काढून घेतला. लांबच लांब दालन. दोन्ही अंगांस छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या. पलीकडे कापसाचे गठ्ठे आणि घडी घातलेल्या रजया. मला माझ्या सदऱ्याची बाही अंगाला घासलेली ऐकू आली. गुडघ्याची करकर ऐकू आली. मी टाळी वाजवली. ती हातातून निघाली आणि तेथेच संपली. मी पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. मी सारा जन्म खोल्यांत राबलो; परंतु एखादी खोली माणसापुढे इतकी नम्र होऊन, श्वास रोखून उभी राहू शकते, याची मला कल्पना नव्हती. मी नकळत चपला काढल्या.

"इथे असंच असतं," गादीवाला म्हणाला. तो दहा हात लांब होता, तरी त्याचा शब्द थेट माझ्यापाशी आला, सडा, एकटा, टोकदार. "बायकोचा फोन आला की मी इथून पळतो. सगळं स्वच्छ ऐकू येतं ना!"

"मला गाद्या नकोत," मी म्हणालो. "मला ही खोली दे. एका दुपारपुरती."

"गोडाऊनमध्ये वाढदिवस? अरे, पाहुणे आडवे होतील, घोरायला लागतील!" मग माझा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "घे. फक्त आगीचं काही नको. मेणबत्ती नाही, काडीसुद्धा नाही. कापूस आहे सगळा."

दुसऱ्या दिवशी मी ताईस तेथे नेले. कारण सांगितले नव्हते.

"गादी घ्यायला आणलंस? माझी चांगली आहे की," ती कुरकुरली. मी खुणेने तिला यंत्र कानात घालावयास लावले, एका बुटक्या थप्पीवर बसवले आणि दालनाच्या दुसऱ्या टोकास गेलो. मागावर काम केलेल्या बायका ओठांवरून बोलणे वाचतात. म्हणून मी तिच्याकडे पाठ केली. आणि मग, ओरडून नव्हे, नेहमीच्या बोलण्याच्या स्वरात म्हणालो,

"ताई, तुझ्या चपलेचा पट्टा तुटायला आलाय."

मागे वळण्याचे मला धैर्य होईना. समोरच्या गाद्यांवरचे टाके मी मोजू लागलो.

"तीन महिने झाले त्याला," मागून आवाज आला. "तुला आज दिसलं होय?"

मी वळलो. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या अनोळखी मोठ्या वास्तूत आल्याप्रमाणे छताकडे पाहत होती.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"तुझा आवाज म्हातारा झालाय रे, धाकट्या." ती म्हणाली. "माझ्या डोक्यात अजून तुझा जुनाच होता. तिशीतला."



वाढदिवसाच्या दुपारी तीस माणसे त्या दालनात जमली. आम्ही कोणालाही हळू बोलण्यास सांगितले नव्हते. परंतु पडदा ओलांडून जो आत येई, त्याचा आवाज आपोआप खाली उतरे. माझे जावई, जे फोनवरही शेजारच्या गल्लीत ऐकू जातील असे बोलतात, तेही दबक्या स्वरात म्हणाले, "इथे खोटं बोलायची सोय दिसत नाही." मंडळी गाद्यांवर बसली. ताई मध्यभागी. आम्हांला वाटले होते की आम्ही तिच्याविषयी चार शब्द बोलू. परंतु ताईने हात वर केला.

"तुमचं नंतर. आधी मला विचारायचंय. इतकी वर्षं मी नुसतं 'हो हो' केलंय. काय काय राहिलंय ते मला माहीत आहे." तिने माझ्या पत्नीकडे पाहिले. "तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी, नळावर पाणी भरताना काहीतरी म्हणालीस आणि हसलीस. मीपण हसले. काय होतं ते?"

"अहो वन्सं, तीस वर्षं झाली त्याला!"

"म्हणूनच विचारते."

पत्नीने डोळे मिटले, आठवले, आणि लाजून म्हणाली, "मी म्हटलं होतं, तुमचा भाऊ झोपेतसुद्धा भिंत चाचपतो, सरळ आहे का बघतो."

ताई हसली, खांदे हलेपर्यंत हसली. "तेव्हा खोटं हसले होते. हे खरं."

मग एकेकाची पाळी आली. कोणाचा विसरलेला विनोद, कोणाची अर्धवट तक्रार. जे बोलणाऱ्यांनी केव्हाच टाकून दिले होते, ते या बाईने अर्ध्या अर्ध्या स्वरूपात इतकी वर्षे जपून ठेवले होते. शेवटी तिने माझ्या कन्येस जवळ बोलावले.

"सासरी निघताना माझ्या कानाशी काय पुटपुटलीस गं?"

कन्या म्हणाली, "म्हटलं होतं, आत्या, मला भीती वाटते."

"आणि मी काय म्हणाले?"

"तू म्हणालीस, 'हो हो, छान, छान.'"

ताईने तिचा हात हाती घेतला.

"आता सांग. अजून वाटते?"

"नाही गं." मग जावयांकडे पाहून, "थोडीशी."

"ती राहू दे. तेवढी बरी असते," ताई म्हणाली, आणि सारे दालन हसले. ते हसणे भिंतींपर्यंत गेले आणि कापसात विरले. तिच्या कानांना त्याचा त्रास झाला नाही. तिने यंत्र काढले नाही. जेवण कधीच येऊन ठेपले होते. कोणास आठवण नव्हती.

सर्वांत शेवटी मी तिच्यापुढे बसलो. म्हणालो, "मलाही विचार."

"तुला काही विचारायचं नाही. तू नुसता बोल."

"पण काय?"

"काहीही. कामाचं बोल. जन्मभर काय करतोस, मला कधी कळलंच नाही."

तेव्हा मी तिला गिलाव्याविषयी सांगू लागलो. भिंत आधी पाण्याने कशी भिजवावी, वाळू किती बारीक चाळावी, पहिला हात जोराने आणि दुसरा हलका का मारावा, ओल किती दिवस धरावी. चाळीस वर्षांत हे मजकडून कोणी ऐकून घेतले नव्हते. ताईने डोळे मिटून, एकही शब्द न गाळता, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले; आणि मी थांबताच म्हणाली, "मग? दुसऱ्या भिंतीचं?"

वाचकहो, आपण वेळ काढून एका गवंड्याचे म्हणणे येथवर ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
ओळंबा, गिलावा करणारा