नजरेआड नाही

“सिस्टर, एक थेंबसुद्धा येत नाहीये हो!”

“येईल गं. घाई कुणाला आहे?” असं म्हणून सिस्टर स्टुलावर नीट टेकल्या.

खरं तर घाई सगळ्यांनाच होती. बाहेर माणसं विजेतीच्या नावाने ओरडत होती, बक्षीस समारंभ खोळंबला होता, आणि विजेती इथे हातात रिकामं भांडं घेऊन रडकुंडीला आली होती. शर्यतीच्या तापलेल्या गाडीत बसून तिच्या अंगातलं सगळं पाणी घामावाटे निघून गेलं होतं. चिमणी हे नाव तिला गाडीच्या मेकॅनिकांनी ठेवलेलं. हेल्मेट घातलं की अंगापेक्षा डोकंच मोठं दिसायचं. पण आज या चिमणीने भल्याभल्यांना धूळ चारली होती. मग काय, बाईमाणूस एवढ्या उकाड्यात एवढा वेळ गाडी हाणते म्हणजे नक्की काहीतरी घेतलंय, अशी कुजबुज शर्यत संपायच्या आतच सुरू झाली होती.

नियम सरळ होता. विजेत्याने लघवीचा नमुना द्यायचा. न देता निघून गेला तर विजय रद्द. आणि बाटलीला सील लागेपर्यंत तपासणीवाल्याने त्याला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही.

सिस्टरचा सगळा जन्म हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात गेला होता. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्यांनी हे काम धरलं. नवरा त्यांना ‘लघवीखात्याच्या मंत्रीणबाई’ म्हणायचा. त्याही हसून म्हणायच्या, “निदान माझ्या खात्यात भेसळ नाही.”

दारावर थाप पडली. संयोजक बाहेरून म्हणाला, “सिस्टर, आता तरी सोडा हो तिला! बक्षीस देऊन लगेच परत पाठवतो.”

“चला की. मीही येते.”

“तुम्ही? स्टेजवर?”

“नियमात स्टेज वगळलेलं नाही.”

आणि खरोखरच त्या गेल्या. उकाड्यातही न सुटलेला राखाडी स्वेटर, खांद्याला भली मोठी तपकिरी पिशवी, पायात दवाखान्यातल्या चपला. कप घेणाऱ्या चिमणीच्या मागे त्या लग्नात करवली उभी राहावी तशा उभ्या. लोकांनी हुर्यो उडवली. “ओ आजी, खाली उतरा!” सिस्टरचे कान लाल झाले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

एवढ्यात दुसऱ्या नंबरच्या गाडीचा मालक पुढे आला. त्या गाडीवर त्याचा जावईच होता, आणि जावई एका मुलीच्या मागे राहिला हे सासऱ्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तरी तोंडभर हसून त्याने सरबताचा ग्लास पुढे केला. “घे पोरी, घसा ओला कर. आमच्या मनात काही नाही हो.”

चिमणीने हात पुढे केला. तिच्या आणि ग्लासाच्या मध्ये सिस्टरचा तळवा आला.

“ते नको. सीलबंद बाटलीतलं पाणी, तेही तिने स्वतः उघडून. दुसरं काही नाही.”

मालकाचा चेहरा पडला. चिमणी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सिस्टर, आयुष्यात एकदा हा दिवस आला. तोही तुम्ही नासवलात.”

सिस्टरना ते फार लागलं. पोटच्या मुलीने बोलावं तसं लागलं. पण हात त्यांनी मागे घेतला नाही.

पुढे यथावकाश नमुना मिळाला, सील लागलं, तपासणी झाली. चिमणी स्वच्छ निघाली. तिथेच संपायला हवं होतं. पण मालकाने तक्रार ठोकली. नमुना तिचा नव्हेच. समारंभात ती एकटीच हिंडत होती, तेव्हा कुणीतरी तिला दुसऱ्याची लघवी आणून दिली, आणि सिस्टर एक तर गाफील होत्या, नाहीतर विकल्या गेल्या होत्या. कप कुलपात गेला. निकाल लागेपर्यंत चिमणीच्या गाडीला बंदी आली. सिस्टर मात्र त्या एकाच शब्दापाशी अडकल्या. विकल्या गेल्या! त्यांना जेवण जाईना. नवऱ्याने थट्टा सोडून दिली.

सुनावणीच्या दिवशी मालकाचा वकील आधी गोड हसला.

“तुमचं काम नेमकं काय, बाई?”

“मी लघवी सांभाळते, साहेब.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वकिलाने वर्तमानपत्रातला फोटो समितीपुढे ठेवला. चिमणी, तिच्या एका हातात कप, मागे पताका.

“पेपरात हाच फोटो आला. तुम्ही तिच्या पाठीशीच होतात म्हणता. मग यात कुठे आहात?”

सिस्टरनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब धरला. आणि त्याच्या कडेला बोट ठेवलं.

“हे कोपर माझं.”

“काय?”

“कोपर. राखाडी स्वेटरातलं. आणि हा पिशवीचा पट्टा. पेपरवाल्यांना म्हातारी नको होती, म्हणून मला कापलंय. पण कापणाऱ्याची कात्री जरा चुकली.”

समितीच्या अध्यक्षीणबाईंनी फोटो डोळ्यांशी नेला आणि फोटोग्राफरला अख्खा फोटो घेऊन बोलावलं. तो येईपर्यंत मालक सारखा घाम पुसत होता. का ते फोटो भिंतीवर दिसताच कळलं. चिमणीला खेटून सिस्टर उभ्या होत्या, तळवा पुढे केलेला. आणि तळव्यासमोर, ग्लास हातात धरून, दात दाखवत, स्वतः मालक!

“सिस्टर आसपास नव्हत्या म्हणता,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “मग तुम्हाला अडवलं कुणी, भुताने?”

सभागृहात हशा पिकला. वकिलाने कागद आवरायला घेतले. जावई मान खाली घालून बुटाची नाडी सोडबांध करत बसला. अध्यक्षीणबाईंनी बाकीचे सगळे फोटो एकामागून एक पाहिले. प्रत्येकात राखाडी स्वेटर होता. तक्रार खोटी ठरली, बंदी उठली, आणि कप तिथेच, त्याच टेबलावरून चिमणीच्या हाती आला. मेकॅनिकांनी बाकं वाजवून छप्पर डोक्यावर घेतलं. सिस्टरच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना वाटलं, आपणही एकदा मोठ्याने ओरडावं.

कप काखेत मारून चिमणी धावतच त्यांच्याकडे आली.

“सिस्टर! मी त्या दिवशी काय वाट्टेल ते बोलले हो…”

“तिथेच थांब.”

ती थबकली.

“पुढच्या शर्यतीतही बाटली माझ्याच हातात असेल,” सिस्टर म्हणाल्या. “आज तू मला मिठी मारलीस, की उद्या माझ्या सहीला कुणी विचारणार नाही. आणि तुझ्या जिंकण्यालाही.”

पोरीने कप जमिनीवर ठेवला, पाय जुळवले आणि होती तिथूनच खोल मान झुकवली. आरडाओरडा करणारे मेकॅनिकही एकेक करून उभे राहिले.

सिस्टरनी फक्त मान हलवली. खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि सगळ्यांच्या मधून, कुणालाही हात न लावता, त्या ताठ चालत दाराबाहेर पडल्या.