कोऱ्या पानावरचा गौरांग

लकडगंजात सागवानाच्या एका वखारीवर हॉल आहे. दर गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. खालून चिरलेल्या लाकडाचा वास यायचा, वर धुपाचा, आणि मधोमध चौरंगावर झेंडूचा हार घालून बसलेला असायचा प्रिंटर. हो, प्रिंटरच. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, डोक्यावर दूर्वा ठेवलेल्या. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे वाकायचा. शेजारी लॅपटॉप, भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीखाली भगवी शाल पांघरलेले अक्षरानंद महाराज.

“कोरं पान म्हणजे ब्रह्म!” महाराज माइकवर गरजले. “शाई म्हणजे माया! माणूस गेला म्हणता? कुठी गेला? अरे बापा, आत्मा नेटवर्कमध्येच राहते. आपल्यालेच पासवर्ड माहीत नाही!”

लोक हसले, आणि हसता हसता पदराने डोळेही पुसले. त्या हॉलमध्ये दोन्ही कामं एकदमच चालायची.

“आता सांगा, पडद्यावर काय दिसून राहिलं?”

लॅपटॉपवर उघडलेली फाईल टीव्हीवर दिसत होती. पांढरंशुभ्र पान. महाराजांनी ते वर सरकवलं, खाली सरकवलं.

“काहीच नाही!” लोक ओरडले.

“कागद कोनाचा?”

“ज्याचा त्याचा!”

हेच तर नवल होतं. कागद घरून आणायचा, कोपऱ्यात आपल्या बोटाने कुंकू लावायचं आणि आपल्याच हाताने प्रिंटरमध्ये ठेवायचा. महाराज एक बटण दाबायचे. प्रिंटर कण्हायचा. आणि पडद्यावर कोरं असलेलं पान कागदावर अक्षरांनी भरून बाहेर यायचं. गेलेल्या माणसाचं पत्र!

दुसऱ्या रांगेत यमुताई कुंकवाचं बोट लावलेला कागद पोटाशी धरून बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून अदिती. यमुताईंचा एकुलता एक गौरांग पावसाळ्यात डेंग्यूने बघता बघता गेला. सून मनीषनगरचा भाड्याचा फ्लॅट सोडून धरमपेठेत सासूजवळ राहायला आली. दोघी एका घरात दोन खोल्यांत रडायच्या. एकमेकींना ऐकू जाऊ नये म्हणून दोघीही नळ सोडून ठेवायच्या.

मग कोणीतरी यमुताईंना इथे आणलं. पहिलं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी घरी येऊन कढी केली आणि गौरांग गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या. अदिती कॉम्प्युटरची शिक्षिका. पत्र तिने उलटसुलट करून पाहिलं, काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि सासूच्या ताटाकडे बघून मिटलं.

पण आज यमुताईच तिला ओढून घेऊन आल्या होत्या. अदितीला पुण्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. यमुताई ‘जा’ म्हणत नव्हत्या, ‘नको’ही म्हणत नव्हत्या. म्हणाल्या होत्या, “त्यालाच विचारू. तो सांगेल तसं करू. करशील ना?” आणि अदिती, काय करणार, “हो” म्हणून बसली होती.

“यमुताई, या माय,” महाराजांनी पुकारलं.

यमुताईंनी कागद प्रिंटरमध्ये ठेवला. बटण दाबलं गेलं. प्रिंटर कण्हला. महाराजांनी गरम कागद कपाळाला लावला आणि वाचायला घेतलं:

“‘आई, रडू नकोस. मी इथे सुखात आहे. रोज संध्याकाळी फोन करून तुला विचारायचो ना, आई जेवलीस का? आता फोन करता येत नाही, पण विचारतो रोजच. अदितीला जाऊ देऊ नकोस. ती गेली की घर तुला खायला उठेल. तिच्यात माझा जीव अडकला आहे. ती त्या घरातून निघाली, की मीही निघालो.’”

हॉलमध्ये हुंदक्यांची लाट उठली. मागून एक बाई म्हणाली, “कसं वं लेकरू! रोज आईले फोन करे!”

अदिती रडली नाही. तिने मान वळवली आणि सासूकडे पाहिलं. रागाने नाही. स्वयंपाकघरात लपून साखर खाणाऱ्या पोराकडे आई बघते, तशी.

यमुताईंनी मान खाली घातली.

कारण गौरांग कधीच फोन करत नसे. रोज नाही, आठवड्याने नाही, सणालाही नाही. फोन यमुताईच करायच्या, आणि तो “हं, बोल, गाडीवर आहे” म्हणून ठेवायचा. दसऱ्याला सोनं द्यायला यायचा तोही अदितीने रेटल्यावर. वाईट नव्हता. आळशी होता, तोंडाळ होता, आईला ‘म्हातारे’ म्हणायचा.

मग हा रोज फोन करणारा गौरांग आला कुठून?

यमुताईंना ते चांगलं माहीत होतं. महाराजांच्या आधी कांताबाईला भेटावं लागायचं. बाजूच्या खोलीत ती आल्याचा चहा पाजायची, हात हातात घ्यायची आणि समोरच्याच्या आधी स्वतः रडायची. “सांगा वं माय, मन मोकळं करा. कसं होतं लेकरू? आईचं करे का?” आता आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल कोणी खरं सांगतं का? हयातीत ज्याला शिव्या घातल्या, त्याच्या तेराव्याला तो देवमाणूस होतो. यमुताईंनीही त्या चहावर आपला मुलगा जरा चांगला करून सांगितला होता. “रोज संध्याकाळी फोन करायचा हो. पहिला प्रश्न हाच, आई जेवलीस का?” सांगताना त्यांना इतकं बरं वाटलं होतं, की पुढच्या वेळी त्यांनी आणखी थोडा चांगला केला. आणि परवाच म्हणाल्या होत्या, “सून गेली ना कांताबाई, की घर मला खायला उठेल.”

  गौरांग दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांदेखत.

अदिती उभी राहिली. “महाराज, एक विनंती आहे. तीच फाईल छापण्याआधी कशी दिसते, ते प्रिव्ह्यूमध्ये एकदा दाखवता?”

“पोरी,” महाराज मधाळ हसले, “आत्म्याले आधी बघता येत नाही. बाळंतपणाआधी लेकराचं तोंड दिसते का?”

“सोनोग्राफीत दिसतं की,” अदिती म्हणाली.

दोघं-चौघं खुदकन हसले. बाकीच्यांनी डोळे वटारले. “बस ना वं खाली! श्रद्धा नाही त् काहून आली इथं?” महाराजांनी लॅपटॉपचं झाकण हळूच अर्ध्यावर आणलं. “कंपनं बिघडून राहिले,” ते म्हणाले. “आज इथंच थांबू.”

तेव्हा यमुताई उठल्या. प्रिंटरला वळसा घालून गेल्या आणि त्या झाकणावर त्यांनी हात ठेवला.

“माझा मुलगा आहे आत,” त्या म्हणाल्या. “मला बघायचाय.”

 अशा बाईचा हात कोण झटकणार? महाराजांनी एकदा कांताबाईकडे पाहिलं. ती चहाची किटली घेऊन दारातच थबकली होती.

अदितीने झाकण उघडलं. टीव्हीवर तेच कोरं पान. तिने वरच्या पट्टीतल्या एका बटणावर बाण नेला, परिच्छेदाच्या खुणा दाखवणाऱ्या त्या उलट्या पी-सारख्या चिन्हावर, आणि क्लिक केलं.

पान भरलं. एक-एक शब्द, खाली बारीक ठिपक्यांची रेघ. ‘आई, रडू नकोस. मी इथे सुखात आहे.’ पुन्हा क्लिक केलं, पान कोरं. पुन्हा क्लिक, गौरांग हजर.

“यात चमत्कार नाही,” अदिती म्हणाली. तिचे शब्द वर्गात शिकवावेत तसे सुटे-सुटे येत होते. “टाइप केलेला मजकूर लपवायची सोय या प्रोग्रॅममध्येच असते. मजकूर निवडायचा, अक्षरांच्या सेटिंगमध्ये ‘लपवा’वर खूण करायची, की पडद्यावरून तो दिसेनासा होतो. पुसला जात नाही, तिथेच असतो. आणि छपाईच्या सेटिंगमध्ये ‘लपवलेलाही छापा’ अशी आणखी एक खूण केली, की कागदावर उतरतो. मी परीक्षेचे पेपर असेच करते. प्रश्नांखाली उत्तरं लपवून ठेवते. मुलांना नुसते प्रश्न छापायचे, तपासणाऱ्याला उत्तरांसकट. माझ्या प्रिंटरला मात्र अजून कोणी हार घातला नाही.”

मग तिने प्रिव्ह्यू उघडला. कागदावर काय येणार, ते आधीच तिथे अक्षर न् अक्षर दिसत होतं. महाराज नेमकी तीच खिडकी कधी उघडत नसत. थेट बटण दाबायचे.

तिने पुढची फाईल उघडली. नाव होतं ‘रुपराव’. कोरं पान. क्लिक. ‘अहो, मी प्रेमिला...’

पुढच्या रांगेतले, खापा गावाहून आलेले रुपरावजी उभे राहिले. त्यांच्या हातातला कागद अजून हातातच होता. त्यावर अजून कुंकूही लागलं नव्हतं, आणि पत्र तयार होतं.

एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, हा त् आपला ओमप्रकाश! बस स्टँडजवळ याचं झेरॉक्सचं दुकान नव्हतं का?” मग एकच गलका झाला. त्या गलक्यात महाराज शाल सावरत मागच्या जिन्याने उतरले, आणि कांताबाई किटलीसकट त्यांच्या मागे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील, असं वाटतं ना? कोणी वाजवल्या नाहीत. खोटं उघडं पडतं तेव्हा ज्याचं काही गेलेलं नसतं तो टाळ्या वाजवतो, आणि तिथे तसं कोणीच नव्हतं.

रुपरावजी अदितीसमोर येऊन उभे राहिले. धिप्पाड माणूस. “तुह्या बापाचं काय गेलं असतं वं पोरी?” ते म्हणाले. “खोटी त् खोटी. मले माही प्रेमिला भेटत होती ना दर गुरुवारी. आता मी कोनाले भेटाले येऊ?”

 

यमुताईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. “रुपरावजी, प्रेमिलाबाई भांडायच्या का हो?”

“भांडे म्हंजे!” रुपरावजींच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. “सकाळी चहाच्या आधी सुरू होये. माह्या विडीवरून, माह्या बहिणीवरून, चपला कुठी काढल्या त्याच्यावरून. अख्खं खापा ऐके!”

“मग पत्रात कधी भांडल्या?”

रुपरावजी हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. 

“एकदाही नाही,” ते म्हणाले, आणि त्या मोठ्या देहाने खांदे हलवत रडू लागले.

यमुताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मान वर करून त्या सगळ्यांनाच म्हणाल्या. माइक नव्हता, पण ऐकू गेलं.

“घरी जाऊन आपापली पत्रं काढा. एकच गोष्ट बघा. आपण कांताबाईला आधी सांगितलं नव्हतं, असं त्यात एक तरी वाक्य आहे का? माझ्यात नाही. आपलंच दुःख आपल्याकडून चहावर काढून घेतलं, आणि हार घालून आपल्यालाच परत दिलं. रडा. मीही रडणार आहे. पण कोणी कोरं पान दाखवलं, तर आधी विचारा. हे छापण्याआधी कसं दिसतं, ते दाखवा म्हणावं. जो दाखवत नाही, त्याच्यापुढे वाकू नका. आणि गेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला बांधू नका. मी बांधायला निघाले होते.”

पोलिसांत जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. अदितीने ती फाईल उघडून तिथेही दाखवली. ओमप्रकाश सापडेल, न सापडेल. उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने तो स्कॅनरला हार घालेल. त्याला अडवायचं ते हार वाहणाऱ्यांनीच.

त्या संध्याकाळी घरी कोणीच नळ सोडला नाही. दोघी एकाच खोलीत बसल्या होत्या.

“आई, रोज फोन करायचा असं सांगितलंत तुम्ही?” अदितीने विचारलं.

“लोक विचारतात गं. काय सांगू? ‘हं, बोल, गाडीवर आहे’?”

अदिती हसली. यमुताईही हसल्या आणि हसणं मध्येच मोडलं. “एक नंबरचा आळशी होता,” त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी मुलाला नावं ठेवली, आणि तेवढ्यापुरता तो होता तसाच, खोलीत पाय पसरून बसलेला, आठवला.

थोड्या वेळाने त्यांनी आपला फोन पुढे केला. “हे बघ. त्याने मला पाठवलेलं शेवटचं. कांताबाईला नाही दाखवलं. लाज वाटली.”

अदितीने वाचलं: ‘म्हातारे चार्जर तिथंच राहिला का बघ’.

“छापून दे मला,” यमुताई म्हणाल्या. “मोठ्या अक्षरात. आणि सोमवारची वाट बघू नकोस, पुण्याला आजच हो कळव.”

अदितीने लॅपटॉप उघडला, ती एक ओळ जशीच्या तशी टाइप केली आणि छापायला गेली.

“थांब,” यमुताईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “आधी दाखव.”

अदितीने प्रिव्ह्यू दाखवला. मग कागद आला. यमुताईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. जे तिथे होतं, तेच इथे होतं. ना एक शब्द कमी, ना एक शब्द जास्त.

“हं,” त्या म्हणाल्या. “एवढाच गौरांग खरा. बाकीचा सगळा माझा होता.”