कानपिळीचा फोटो

"तुझ्या ह्या लांब भिंगातना बोट दिसंल काय गो?"

नवरीचे चुलते आनंदाकाका नम्रताच्या कानाशी वाकून विचारत होते आणि त्याच वेळी समोरून येणाऱ्या पाहुण्यांकडे बघून हसतही होते. नम्रता नवरीच्या हिरव्या चुड्याचा फोटो घेत होती. तिने कॅमेरा खाली केला.

"कुठली बोट, काका?"

"रितेशची. हळू बोल. गच्चीवर चल."

रितेश म्हणजे नवरीचा, शमिकाचा, एकुलता एक भाऊ. मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे घरात आई गोदाकाकी आणि ही दोघं. बोट चालवणाऱ्या तांडेलाला माणूस कमी पडला म्हणून लग्न तोंडावर असताना तो समुद्रावर गेला. हळदीला हजर होतो, असं सांगून गेला होता. हळद सकाळीच लागली. कालपासून वारा फिरला होता, बाकीच्या बोटी एकेक करून बंदरात शिरल्या होत्या आणि या एका बोटीचा वायरलेससुद्धा लागत नव्हता. मांडवात जो तो दबक्या आवाजात तेच बोलत होता. शमिका जवळ आली की सगळे जेवणाबद्दल बोलू लागत.

नम्रताचं एकटीनं घेतलेलं हे पहिलंच लग्न. बी.कॉम. झाल्यापासून ती काशीकाकांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोंच्या कडा कापत होती. काकांचा गुडघा धरला आणि ही ऑर्डर तिच्या पदरात पडली. बरोबर पोतंभर उपदेशही मिळाला.

"आधी जाऊन जागा बघ, उजेड कुठून येतो ते बघ. बॅटऱ्या भरून ठेव. चपला पटकन निघतील अशा घाल, होमाजवळ बूट घालून गेलीस तर भटजी तुझाच होम करील. आणि कार्डं कोरी करून ने. ऐन लग्नात कार्ड भरलं म्हणणारा फोटोग्राफर म्हणजे पंगत बसल्यावर भात टाकणारी सुगरण!"

नम्रता सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणारी. ती जागा बघायला आली तेव्हा रितेश बोटीवर निघायच्या घाईत होता. उजेडाचा अंदाज घ्यायला तिने भावाबहिणीला भिंतीपाशी उभं केलं. त्याने लगेच बहिणीचा कान धरला.

"सोड रे दादा, दुखतंय!"

"कानपिळीची प्रॅक्टिस करतंय. तुझ्या नवऱ्याची बोंब पार नाट्यापर्यंत गेली पायजे!"

नवरा नाटे गावचा. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. त्या एका मानासाठी रितेशने नवा सदरा शिवून घेतला होता. नम्रताने फोटो काढला. जाता जाता तो ओरडून म्हणाला, "बोट बंदरात शिरताना मी पुढं उभा रायन. गच्चीवरना माझा फोटू काढ हां!"

आणि काल संध्याकाळी नम्रताने काशीकाकांच्या आज्ञेप्रमाणे कार्डं कोरी केली.

गच्चीवर वारा उभं राहू देत नव्हता. खाली मांडवाचं कापड फाडफाड वाजत होतं. नम्रताने कोपरं कठड्यावर रोवली आणि लांबची लेन्स बंदराच्या तोंडाकडे फिरवली. पाणी मळकं दिसत होतं. मग त्यातून एक बोट वर आली.

"दिसली?"

"दिसली. तीच आहे."

"पुढं कोण उभा हाय?"

नम्रताने पुन्हा फोकस लावला. बोटीचा पुढचा भाग रिकामा होता. सगळी माणसं केबिनच्या मागे एकमेकांना चिकटून बसली होती. घर जवळ आलेल्या माणसांनी किनाऱ्याकडे बघावं की नाही? यांतला एकही बघत नव्हता.

"पुढं कोणी नाही, काका."

"नीट बघ गो बाय!"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. बोट रेंजमध्ये आली होती. काकांनी ऐकून घेतलं. मग फोन खिशात ठेवताना त्यांना खिसाच सापडेना.

"जाळा ओढताना लाटेनं नेलान त्याला. शोधलानी, पन नाय गावला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लगीन पार पडू दे. तवर गोदाला नि शमिकाला काय कळता नये. तू खाली जा, फोटो काढत राव. तुझा हात थांबला तर पोरीला कळंल."

जिन्यात नम्रताला कार्डांची आठवण झाली. रितेशचा फोन त्याच्याबरोबरच गेला होता. भावाबहिणीचा एकत्र असा शेवटचा फोटो तिने काढला होता आणि तिनेच पुसला होता. पण कोरं केलेलं कार्ड नुसतं कोरं दिसतं, काशीकाकांनी एकदा असले पुसलेले फोटो परत काढून दाखवले होते. मात्र त्यावर नवे फोटो बसत गेले की जुने कायमचे जातात. सकाळपासून हळदीचे फोटो ती त्याच कार्डावर घेत होती.

तिने ते कार्ड काढलं, रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं आणि जुनं लहान कार्ड कॅमेऱ्यात घातलं. पुढचं लग्न त्यात मावणार नाही, हे तिला माहीत होतं.

मंगळाष्टकं झाली, अक्षता पडल्या. होम पेटला तेव्हा लहान कार्ड भरलं. नम्रता थांबली नाही. भरलेल्या कार्डावर बटण दबेना, म्हणून तिने ते कार्डही काढून घेतलं आणि रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून फ्लॅश उडवत राहिली.

"काका, दादा आला काय?" शमिकाने विचारलं.

"बोट लागतेय बंदरात. येतोय."

भटजींनी नवरीच्या भावाला बोलावलं. आनंदाकाकांनी आपल्या मुलाला, भावेशला, पुढे ढकललं. त्याने नवरदेवाच्या कानाला हात लावल्या न लावल्यासारखं केलं. नाट्याची माणसं खदखदून हसली. इकडची माणसं खाली सतरंजीकडे बघत होती.

"नम्रताताई," शमिका हळूच म्हणाली, "दादा आला की आमचा परत काढ हां कानपिळीचा."

"हो," नम्रता म्हणाली आणि फ्लॅश उडवला.

विधी आटोपल्यावर आनंदाकाकांनी गोदाकाकींना आणि शमिकाला सांगितलं. गोदाकाकींचा तो आवाज नम्रताच्या कानातून अजून गेलेला नाही.

"होमाचा एक फोटो नाही? कानपिळी नाही, पाठवणी नाही?" दुसऱ्या दिवशी स्टुडिओत काशीकाका कडाडले. "नाट्याच्या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

नम्रताने रुमाल त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काका कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. दिवस कलेपर्यंत उठले नाहीत.

फोटो आला, पण अर्धाच. वर रितेशचं कपाळ, मिचमिचलेले हसरे डोळे, शमिकाचा कान आणि त्यावर त्याची बोटं. त्याखाली नुसता राखाडी रंग. खालचा भाग हळदीच्या फोटोंनी खाल्ला होता.

काका चष्मा पुसत राहिले. "कार्डं कोरी कर म्हणून मीच सांगितलं होतं गो," ते म्हणाले.

रितेश सापडला नाही. गोदाकाकी दिवसकार्याचं नाव काढू देत नव्हत्या. त्यांच्या घरी जाऊन नम्रताने फोटो त्यांच्या फोनवर पाठवला. काकींनी पदराला हात पुसले आणि फोन दोन्ही तळव्यांवर धरला.

"हसतोय कसा बघ, मेला—" त्यांनी जीभ चावली. मग फोन डोळ्यांजवळ नेला. "खालचा अजून उतरतोय काय गो?"

काकींनी फोन हलवून बघितला.

"हितं रेंजच नाय मिळत. थांब, वर मिळंल."

काकी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या. नम्रता मागोमाग गेली. गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून त्यांनी फोन बंदराच्या दिशेने उंच धरला आणि मान वर करून त्या राखाडी भागाकडे बघत राहिल्या.

"टाइम लागंल काय?"

"थोडा लागेल, काकी," नम्रता म्हणाली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.