भिकाजींना आत यायची परवानगी नाही

रामनगरच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघत होती, आणि तिच्यातला पहिला लेख निवृत्त मुख्याध्यापक भिकाजींचा होता. होता म्हणजे, आज पाचपर्यंत बेळगावच्या छापखान्यात पोचला तर. नाहीतर त्या पानांवर बाबुरावांची 'वाचनालय-महिमा' ही एक्कावन्न कडव्यांची कविता जाणार होती. 

लेख घेऊन ते सकाळच्या बसनं बेळगावला जावयाकडे उतरले होते. पण खिशातल्या फ्लॉपीला रामनगरच्या दमट हवेत लोणच्यासारखी बुरशी आलेली. लेख राहिला घरच्या कॉम्प्युटरात.

"काळजी नको, मामा," चंद्रा म्हणजे जावई म्हणाला. "इथनंच फोन लावून तुमच्या कॉम्प्युटरात शिरतो. तुमचं मशीन अडलं की दरवेळी मला बस धरायला नको, म्हणून तर मेकॅनिक पाठवून ही सोय करून घेतली."

सोय उत्तम होती. चौथ्या रिंगला कॉम्प्युटर स्वतः फोन उचलायचा. फक्त पहिल्याच रिंगला भिकाजींच्या पत्नी रुक्मिणीबाई उचलायच्या.

"हॅलो? कोण वो? नुसतं किर्रर्र करूलाय की!"

चंद्रानं मोडेम बाजूला केला, भिकाजींनी रिसीव्हर घेतला.

"अगं, उचलू नकोस म्हणून आत्ताच सांगितलं न्हवं!"

"वाजूलाय, आणि मी बघत बसू व्हय? लोक काय म्हणतील?"

तिसऱ्या खेपेला त्या रागानं परसात गेल्या. कॉम्प्युटरनं फोन उचलला, नाव विचारलं. चंद्रानं 'भिकाजी' टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं, की या नावाच्या माणसाला आत यायची परवानगी नाही.

भिकाजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घर त्यांचं, टेबल त्यांचं, कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकणसुद्धा त्यांच्याच बायकोनं विणलेलं. मग 'भिकाजीराव' टाकून पाहिलं. 'भिकाजी गुरुजी' झालं. आडनावासकट झालं. चंद्रानं मोडेम बंद करून चालू केला, वायर काढून फुंकर मारली. नाही म्हणजे नाही. सव्वाचार वाजले.

"परवानगी कुणाला, त्याची यादी तिकडच्या मशीनवर असते, मामा. मेकॅनिकनं काय नाव घातलंय, मामींनाच विचारा."

भिकाजींनी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"अगं, तो मेकॅनिक आला तेव्हा मी बाजारात होतो. त्यानं तुला नाव विचारलं होतं?"

"इचारलं की. 'मालकांचं नाव सांगा' म्हणाला."

"मग काय सांगितलंस?"



"असं काय इचारूलायसा? चाळीस वर्षांत कधी घेतलंय का मी तुमचं नाव? 'परशूचे बाबा' म्हणून सांगितलं. त्यानं तसंच घातलं. गुणी पोरगं हाय, परत काई इचारलं न्हाई."

परशू हा त्यांचा थोरला मुलगा. भिकाजींनी कपाळाला हात लावला.

"मग आता तिथं बस आणि माझं नाव घाल! एकेक अक्षर मी सांगतो."

"बोटानं दाबलं तरी घेतल्यासारखंच की वो," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चंद्रा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. त्यानं मोडेम जोडून पुन्हा फोन लावला; रुसलेल्या रुक्मिणीबाईंनी या खेपेला तो उचलला नाही. भिकाजींनी कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं, अक्षरं शोधत, 'परशूचे बाबा' टाइप केलं. कॉम्प्युटरनं त्यांना ताबडतोब आत घेतलं.

चंद्राच्या प्रिंटरनं करकरत लेख बाहेर काढला. शीर्षक 'वाचनानं आम्हांला काय दिलं?' पाचाला वीस मिनिटं कमी असताना भिकाजी शेवटची नजर टाकत होते, ते तिसऱ्या परिच्छेदाशी थबकले. तिथं लिहिलं होतं, की वाचनामुळं खुळ्या चाली गेल्या, आमच्या गावच्या बायका आता नवऱ्याचं नाव मोकळेपणानं घेतात, आणि याची सुरुवात प्रस्तुत लेखकाच्या घरापासून झाली.

भिकाजींनी पेन काढलं आणि परिच्छेदावर फुली मारली.

रविवारी स्मरणिका निघाली. पहिला लेख भिकाजींचाच होता. मध्ये थोडी जागा उरली, म्हणून छापखान्यानं तिथं बाबुरावांची चार कडवी घातली होती.