पाला कोणी खुडला

एप्रिलात व्लाशिचच्या डोंगरावर रानलसूण उगवला की सेनाहिदचे वर्ग सुरू होत. शहरातली माणसं नवे कोरे बूट घालून येत, आणि हा सत्तावन्न वर्षांचा जुना सैनिक त्यांना ओलं लाकूड पेटवायला, डहाळ्यांचा आडोसा बांधायला आणि रानातलं खायला शिकवी. रानलसूण वासावरून ओळखायचा, हे सगळे घरूनच शिकून येतात. घोळ पुढे होतो. चार जुड्या खुडल्या की बोटांनाच लसणाचा वास लागतो, मग शेजारचं तसंच दिसणारं विषारी पानही लसणाचंच वाटतं. दर वसंतात कुठे ना कुठे असं कुणीतरी जातं.

हे सांगून झाल्यावर सेनाहिद नेहमीच्या गोष्टीवर आला. "लढाईत आमच्या तुकडीत मुहरेम म्हणून मेंढपाळ होता. डोंगरात जन्मलेला, त्यामुळे भलताच शहाणा! पातेलंभर पाला शिजवला गड्यानं. स्वतः गेला आणि आणखी एकाला घेऊन गेला."

"काका, म्हणजे आमच्यासारख्या शहरी बावळटांना अजून आशा आहे!" दातांचा एक डॉक्टर म्हणाला. सगळे हसले. सेनाहिदही हसला.

पाला सेनाहिदनंच खुडला होता. मुहरेम तर तापानं फणफणून पडला होता. मध्येच पहाऱ्याची पाळी आली म्हणून सेनाहिदनं दोनच घास खाल्ले आणि तो वाचला. लढाईनंतर कित्येक वर्षं तो नुसता बसून असे. मग गावच्या गिर्यारोहण मंडळानं, लोकांना विषबाधेतून वाचव बाबा, म्हणून त्याला बोलावलं. पहिल्याच वर्गात कुणीतरी विचारलं, "पाला आणला कोणी?" आणि यानं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फोडलं. पुढच्या वेळी खरं सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. गोळ्यांपुढे उभा राहिलेला माणूस एका साध्या प्रश्नाला घाबरला, भित्रा कुठला!

कॉफीच्या वेळी तिशीतली एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. यादीत तिचं नाव अल्मेदिना होतं, आडनाव नवऱ्याचं.

"मी मुहरेमची मुलगी. बाबा गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते."

सेनाहिदनं कप खाली ठेवला.

"तुमची गोष्ट आमच्या गावात केव्हाच पोचलीय, काका. आई कुणाकडे पाला भरून भाजलेला पिटा घेऊन गेली की बायका विचारतात, 'हाजरा, आत कुठला पाला घातलास गं?' आता ती काही नेतच नाही. पण म्हणते, मेंढरांमागे वाढलेला माणूस हा पाला चुकायचा नाही. खरं सांगा, बाबा चुकले का?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. सवयीनं ते जिभेवर आलंही.

"नाही," तो म्हणाला. "पाला मी खुडला. तुझ्या बापानं तो शिजण्याआधी पाहिलासुद्धा नाही. मी दिला म्हणून खाल्ला."

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागला. शरमेनं सेनाहिदचे कान तापले. पोरीनं एक थोबाडीत द्यावी असं त्याला मनापासून वाटलं. तिनं फोन काढला.

"मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." आणि फोन लागताच म्हणाली, "आई, बाबांचे सेनाहिद बोलतायत."

"सेनाहिद?" पलीकडचा आवाज केवढा हरखला. "अरे मेल्या, आहेस कुठे? तीस वर्षांत एकदा दारात यायचं तरी! तापात शेवटी तूच त्याला भरवलंस, तुकडीतली पोरं सांगून गेली. तुझ्या हातचे चार घास खाऊन गेला, उपाशी नाही गेला, एवढ्यावर मी दिवस काढले रे."

सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. सेनाहिद तिथेच गवतात खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याच घासांनी गेला तो."