गबरूची पातेली

सोमवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास पालमच्या बसस्थानकामागच्या गल्लीत, विरेशअप्पांच्या अंगणात, गबरू नावाचा कुत्रा ओकला. आधी पिवळं पाणी पडलं. दुसऱ्यांदा ओकला तेव्हा रक्त पडलं आणि त्या रक्तात बोटाच्या पेराएवढी हाडाची किरची होती. तिचं टोक दाभणासारखं होतं.

मित्रांनो, हे मी शेवग्याच्या झाडाखालून पाहिलं. मी एक जुनी जर्मनची पातेली आहे. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आमच्याकडं त्याला जर्मनच म्हणतात. माझा काठ एका बाजूनं चेपलेला आहे, बूड काळं पडलं आहे. गबरू माझ्यात जेवतो. ते हाड उकळलं गेलं तेही माझ्यातच. ते का उकळलं हे समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते मला सांगता येणार नाही. तापलेला पत्रा आणि साच्याचा दणका एवढंच आठवतं. नंतर गवतात गुंडाळून टेम्पोनं पालमला आले आणि आठवडी बाजारात एका ताडपत्रीवर मांडली गेले. विरेशअप्पांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, मला उचललं, बुडावर बोटाचं हाड वाजवून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बूड जाड हाय. दूध लागायचं न्हाई." तेव्हा त्यांची लेक रुद्राणी पाळण्यात होती. तिच्या दुधासाठीच मला घेतलं होतं.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. पहाटे मी चुलीवर चढायची. विरेशअप्पा अंघोळ करून कपाळाला भस्माचे पट्टे ओढून इष्टलिंगाच्या पूजेला बसायचे, तोवर माझ्यातलं दूध वर यायचं. त्यावर हाताच्या तळव्याएवढी जाड साय धरायची. पाहुण्यांसमोर महादेवीबाई माझं कौतुक करायच्या. "ह्या पातेलीत कधी दूध करपलं न्हाई," असं त्या म्हणाल्या की मला बरं वाटायचं. रुद्राणी चालायला लागली, शाळेत गेली, साय खरवडून खायला लागली. पुढं घरात स्टीलची भांडी आली. एकदा मी ओट्यावरून पडले आणि माझा काठ चेपला, मग झाकण नीट बसेना. मला माळ्यावर टाकलं. तिथं किती उन्हाळे गेले ते मी मोजलं नाही. माळ्यावर मोजायला काही नसतं.

रुद्राणी कॉलेजात असताना एका दुपारी ओढणीत काहीतरी घेऊन आली. बसस्थानकातल्या रसवंतीच्या चिपाडात तिला ते सापडलं होतं. पिवळसर अंग, काळं नाक, सगळ्या फासळ्या मोजता येतील असं पिल्लू. तिनं माळ्यावर चढून मला खाली काढलं, धुतलं आणि माझ्यात दूध-भाकरी कुस्करली. पिल्लानं चारही पाय माझ्यात घातले. मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा दुधाचा वास आला.

गबरू वाढला. दात आले तसा तो चपला, केरसुणी, दाराची चौकट असं सगळं चावायला लागला. विरेशअप्पांची नवी चप्पल गेली तेव्हा घरात वादळ उठलं. रुद्राणीनं गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं आणि येऊन सांगितलं की त्याला अधूनमधून हाड लागेल.

विरेशअप्पा कडाडले. "घरात रोज लिंगपूजा होती अन् दारात हाडं? लोक काय म्हणतेन?"

"अप्पा, लिंग तुमच्या गळ्यात हाय. गबरूच्या गळ्यात पट्टा हाय."

"जीभ लय चालायली तुझी."

"मंग दुसरी चप्पल आना. ती बी खाईल."

शेवटी तह झाला. हाड अंगणाच्या टोकाला, शेवग्याखालीच, आणि त्या भांड्यानं पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. ते भांडं म्हणजे मी. ज्या घरात मी दूध तापवलं त्या घरात मी परत गेले नाही. स्वयंपाकघराची खिडकी मला इथून दिसते. तिच्यातून पहाटे भांड्यांचा आवाज येतो. माझी जागा आता तिथं नाही हे मला कळतं, तरी रोज कान तिकडंच असतो.

शेजारी सिताराम आणि सुलाबाई राहतात. शेतकरी कुटुंब. रविवारी त्यांच्याकडं मटण यायचं, तेव्हा सिताराम गबरूसाठी वेगळं हाड मागून आणायचा. रुद्राणीची ते द्यायची रीत ठरलेली होती. हाड कच्चंच असायचं, त्याच दिवसाचं, गबरूच्या जबड्यात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं. खाटकानं सत्तुरानं बारीक तुकडे केले असतील तर ती परत पाठवायची, कारण तुकडा न चावता गिळला जातो आणि घशात अडकतो. आधी ती त्याला पोटभर भाकरी घालायची, म्हणजे तो अधाशासारखा तुटून पडायचा नाही. मग फरशीच्या तुकड्यावर बसून ती पूर्ण वेळ त्याच्याकडं बघत राहायची. फोनकडं नाही, त्याच्याकडं. हाड झिजून लहान झालं की तुपाचा घास पुढं करून ते काढून घ्यायची. शेवटी मला गरम पाण्यानं आणि साबणानं घासायची, फरशी धुवायची, स्वतःचे हात कोपरापर्यंत धुवायची.

या सगळ्यातली एकही गोष्ट महादेवीबाईंनी कधी पाहिली नाही. रुद्राणी हाड काढायच्या आधी हाक मारायची, "आई, खिडकी लाव. बघू नको." आईला किळस येऊ नये, जेवण नको होऊ नये, म्हणून. महादेवीबाई खिडकी लावून घ्यायच्या. त्यांना एवढंच ठाऊक होतं की काही रविवारी कुत्र्याला हाड मिळतं आणि त्यानंतर तो दिवसभर खुशीत असतो.

वैशाखात रुद्राणीचं लग्न झालं. सासर उदगीरचं. सासरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथं कुत्रा नेता येईना. निघताना तिनं आईला सांगितलं, "सिताराम काकाला सांगून महिन्यातून एखादं हाड देत जा." कच्चं, हा शब्द तिनं आईसमोर तेव्हाही उच्चारला नाही.

ती गेली आणि गबरू जेवेनासा झाला. माझ्यात भाकरी पडायची, तो वास घ्यायचा, दोन घास खायचा आणि फाटकाशी जाऊन बसायचा. उरलेली भाकरी चिमण्या न्यायच्या. उदगीरहून लोह्यामार्गे येणारी बस स्थानकात वळली की तो उठायचा, माणसं पांगली की पुन्हा बसायचा. त्याच वेळी महादेवीबाईही काही ना काही निमित्त काढून फाटकाशी यायच्या. कधी रांगोळी पुसली म्हणून, कधी दूधवाला आला का बघायला. दोघं एकाच दिशेला बघत उभे राहायचे. मग त्या त्याला म्हणायच्या, "चल, आज बी न्हाई आली आपली." तो त्यांच्यामागं शेवग्यापर्यंत यायचा. माझ्यापर्यंत यायचा नाही. भरलेल्या भांड्याला कुणी तोंड लावू नये, याच्यासारखं दुसरं एकटेपण मला माहीत नाही.

फोनवर रुद्राणी रोज विचारायची, "गबरू जेवला का?"

"जेवला की. लय जेवला," महादेवीबाई सांगायच्या आणि माझ्याकडं बघायच्या.

नागपंचमीला लेक पहिल्यांदा माहेरी येणार होती. गबरूच्या फासळ्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या. "पोरगी आली अन् ह्याला असं हडकलेलं बघितलं तर काय म्हणंल मला?" असं त्या सुलाबाईंना म्हणाल्या. आषाढाचा शेवटचा रविवार आला. सिताराम म्हणाला, "वैनी, आता सरावन लागायला. महिनाभर आमच्यात मटन येत न्हाई. हाड पायजे तर आजच."

महादेवीबाईंनी तोंडाला पदर बांधला आणि हो म्हटलं. जन्मात मांसाला हात न लावलेली बाई ती. त्यांनी न्हाणीमागं तीन विटांची चूल मांडली, मला वर ठेवलं, पाणी ओतलं आणि त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. सुलाबाईंनी सांडशीनं दोन हाडं माझ्यात सोडली.

"आवो वैनी, कुत्र्याला आळणी वरन कराया लागलाव का काय?"

"हसू नको गं. कच्चं कसं घालू लेकराला? कच्ची डाळ सुदीक बाधती आपल्याला."

"मंग जिऱ्याची फोडनी बी द्या वरून."

"सुलाबाई, चेष्टा करू नको. तुमच्यात काय करतेत?"

"आमी कशाला वेगळं करावं? रस्स्यातले उरले की आमच्या कुत्र्याला, काळ्याला, टाकतो. काई होत न्हाई त्याला."

तेवढ्यावर महादेवीबाईंची खात्री पटली. त्या घरात आयुष्यभर एकच शिकवण चालत आली होती की अर्धं शिजलेलं पोटाला बाधतं आणि चांगलं शिजलेलं अंगी लागतं. तूर असो, हरभरा असो, जितका शिजेल तितका गुणाचा. म्हणून त्यांनी जाळ वाढवत नेला. दुपार झाली तरी मी चुलीवरच होते. हाडाचं टोक काडीनं दाबून बघितलं तर त्याचा भुगा झाला. तेव्हा त्या समाधानानं म्हणाल्या, "आता झालं लोन्यासारखं."

मित्रांनो, मी भांडं आहे. जाळ लागला की तापायचं, एवढंच माझ्या हाती असतं. मी दूध तापवलं तसंच ते हाड तापवलं.

गबरूनं वास घेतला आणि शेपूट हलवली. कितीतरी दिवसांनी तो माझ्यावर वाकला होता. त्याचा श्वास माझ्या काठाला लागला. हाड त्याच्या दाढेखाली कडकन फुटलं. कच्चं हाड तसं फुटत नाही, ते हळूहळू झिजतं. रुद्राणीच्या वेळचा तो घासल्याचा आवाज मी ओळखते. हा आवाज वेगळा होता. महादेवीबाई खिडकी लावून आत बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा मी रिकामी होते. त्यांनी लगेच उदगीरला फोन लावला आणि बऱ्याच दिवसांनी खरं सांगितलं, "आज खरंच जेवला गं. पातेली चाटून पुसून."

त्यानंतर सोमवारची सकाळ झाली.

विरेशअप्पा भस्म लावून पूजेला बसणार होते. ते तसेच उठून बाहेर आले. एवढ्या वर्षांत त्यांनी गबरूला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी त्याला आपल्या धोतराच्या पानात उचललं आणि सितारामच्या टेम्पोत घातलं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इथं होणार नाही, परभणीला न्या.

महादेवीबाई शेवग्याखाली बसल्या. फोन लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"रुद्रा, गबरूला परभणीला नेलंय."

"काय झालं? काय खाल्लं त्यानं?"

"हाडच गं. मीच दिलं. धुऊन, दुपारवर उकळून दिलं."





"आई, उकळलंस?"

"मंग कच्चं घालू का? तूच म्हनली होतीस, हाड दे."

"व्हय. मीच म्हनले होते," रुद्राणी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "मी निघायले. तू रडू नको. आधी जेव."

"आज सोमवार हाय. माझा उपास हाय."

दुपारी विरेशअप्पांचा फोन आला. मी ऐकलं ते असं. शिजल्यावर हाडातला चिवटपणा जातो, ते काचेसारखं फुटतं आणि त्याच्या सुया होतात. क्ष-किरणाच्या फोटोत आतड्यात एक तुकडा अडकलेला दिसतो आहे.

"कच्चं दिलं असतं तर काई झालं नसतं का हो?" महादेवीबाईंनी विचारलं.

"डॉक्टर म्हनतेत, कच्च्यात धोका कमी, पर न्हाईच असं न्हाई. दात तुटतो, घशात बसतं, त्यातले जंतू मानसाला बी बाधतेत. मानूस समोर पायजे, म्हनतेत." ते पुढं म्हणाले, "तू काई वंगाळ मनात आनू नको. गबरूचा तुझ्यावर राग न्हाई, तुझ्याकडं तोंड करूनच पडलाय असं समज."

महादेवीबाईंनी पदर तोंडात धरला. मग त्यांनी मला जवळ ओढलं, राखेनं घासलं, तीन पाण्यांनी धुतलं आणि स्वच्छ पाण्यानं भरून ठेवलं. माझ्यातल्या पाण्यात शेवग्याची पानं पडताहेत. पाणी तसंच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्यात जे पडतं त्याच्यावर भांड्याचा अधिकार नसतो आणि मुक्या जनावराचाही नसतो. तुमच्याकडं कुत्रा असेल तर त्याला शिजलेलं हाड घालू नका, लग्नाच्या पंगतीतलं नको आणि मायेनं उकळलेलंही नको. कच्चं द्यायचं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण म्हाताऱ्या, दात हलणाऱ्या किंवा अधाशी कुत्र्याला तेही चालत नाही. दिलंत तर शेवटपर्यंत शेजारी बसा. आणि घरात जी रीत एकालाच ठाऊक आहे, ती किळस येईल म्हणून दुसऱ्यापासून लपवू नका. निघून जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला सगळं सांगून जावं.

सोमवारी दुपारी चारपर्यंत कळलेलं एवढंच आहे. रुद्राणीची बस अहमदपूरच्या पुढं आली आहे. ती पालमला न उतरता थेट परभणीला जाणार आहे. गबरूला दुसरी सलाईन लावली आहे आणि हाक मारली की तो कान हलवतो. आतड्यातला तुकडा अजून जागचा सरकलेला नाही. संध्याकाळी पुन्हा फोटो काढून ऑपरेशन करायचं की नाही ते ठरणार आहे.